घरात मोठा फिशटँक ठेवलाय? जमिनीने कितपत साथ दिली? अनुभव सांगा

गप्पीवाली

मुलाला दहावीत ८० टक्के पडले तर फिशटँक, असं कबूल करून बसलो होतो. त्याने ८८ काढले आणि आता त्याला चार फुटी हवाय: ४ x १.५ x २. आम्ही डोंबिवलीत, तिसरा मजला, बिल्डिंग १९८४ची. दुकानदार म्हणतो, "टेन्शन नका घेऊ मॅडम." सासरे म्हणतात, एक दिवस मासे स्लॅबसकट खालच्यांच्या ताटात पडणार.

काल रात्री वहीत हिशेब मांडला. १२ घनफूट, एका घनफुटात २८ लिटरच्या वर, म्हणजे सुमारे ३४० लिटर. काठोकाठ भरत नाहीत म्हणून ३१० धरले, म्हणजे तितकेच किलो. १० मिलिमीटरची काच ६०-६५ किलो. वाळू-दगड ४०. स्टँड ४०. बेरीज साडेचारशेवर गेल्यावर वही मिटली. ज्यांनी घरात असं काही ठेवलंय त्यांनी कृपया लिहा. चांगलं-वाईट दोन्ही.

बिनधास्त

आमच्याकडे चार फुटी १२ वर्षं आहे. काही झालं नाही. आणा.

ओळंबा

निवृत्त सिव्हिल इंजिनीअर आहे, त्यामुळे थोडं लांबेल.

वरच्या बिनधास्तांचं घर टिकलं याचा आनंद आहे, पण त्यावरून तुमच्या स्लॅबबद्दल काहीच कळत नाही. घराच्या खोल्यांना आपल्याकडे आयएस ८७५ या भारतीय मानकाप्रमाणे चौरस मीटरला २०० किलो चलभार (माणसं, सामान यांचा भार) धरतात. तुमच्या टँकखाली साधारण ६ चौरस फूट जागा, त्यावर साडेचारशे किलो, म्हणजे चौरस मीटरला ८०० किलो. चौपट. इथे लोक घाबरतात. पण १० x १२च्या खोलीला हाच २०० किलोचा दर लावला तर पूर्ण खोलीचे सव्वादोन टन होतात. गणपतीच्या आरतीला पंचवीस माणसं दाटीवाटीने उभी राहतात तेव्हा दीड टन आपण सहज चढवतो. त्यामुळे "किती किलो" याच्याइतकंच "कुठे" हे बघायचं.

खोलीच्या मध्यात ठेवलं तर स्लॅब सगळ्यात जास्त वाकतो. भिंतीलगत, जिच्याखाली बीम आहे अशा बाजूला, लांबी भिंतीला समांतर ठेवून टेकवलं तर बराचसा भार सरळ बीमवर जातो. कॉलमजवळचा कोपरा त्याहून बरा. मात्र भिंत दिसते म्हणून खाली बीम असेलच असं नाही. चार इंची पार्टिशन कधीकधी नुसत्या स्लॅबवर उभी असते, आणि तिचं वजन स्लॅब आधीच वाहत असतो. खालच्यांच्या घरात जाऊन छताकडे बघा, बीम तिथे दिसेल.

आरतीची माणसं प्रसाद घेऊन घरी जातात. टँक वर्षानुवर्षं तिथेच. सततच्या भाराखाली काँक्रीट हळूहळू वाकत राहतं, म्हणून पहिल्या महिन्यात काही झालं नाही याला फारसा अर्थ नाही.

आणि हे सगळं स्लॅब धडधाकट असेल तर. १९८४ची बिल्डिंग म्हणजे चाळिशी उलटली. खालच्यांच्या छताला पोपडे, सळईच्या रेषेत सरळ जाणारी चीर, तपकिरी डाग यातलं काही असेल तर आत सळया गंजून फुगल्यात. मग चार फुटीचा विषय बंद.

सदाशिवपेठी

आमचा वाडा पाडायच्या आधीची गोष्ट. माडीवर अडीच फुटी टाकी ठेवली होती. लाकडी तुळया, वर तक्तपोशी, त्यावर माती आणि कोबा. ओळंब्यांचा हिशेब तिथे चालत नाही.

पहिल्याच संध्याकाळी लक्षात आलं, कोणी जिन्यातून वर आलं की पाण्यावर वलयं उठायची. माणूस दारात दिसायच्या आधी एंजल मासे झाडामागे जायचे. आम्हाला गंमत वाटायची. पाहुण्यांना दाखवायचो! दोनेक महिन्यांनी शेजारचं कपाट आपोआप उघडायला लागलं. कडी लावली. मग एके दिवशी वडिलांनी टाकीच्या पाण्याला पट्टी लावली: डावीकडे काठापासून दीड इंच, उजवीकडे सव्वादोन. अडीच फुटांत पाऊण इंचाचा उतार.

गवंडीकाका नळीत पाणी भरून लेव्हल बघायला आले. कोपऱ्यातली लादी उचलली तर तुळईचं भिंतीत गेलेलं टोक हाताने भुगा होत होतं. कौलातून वर्षानुवर्षं ओल उतरत होती. टाकी नसती तरी ते लाकूड गेलेलंच होतं, पण टाकी नसती तर आम्हाला कळलंही नसतं. त्याच दुपारी बादल्यांनी पाणी उपसलं. मासे चार दिवस तांब्याच्या बंबाशेजारी प्लास्टिकच्या टपात होते. (तांब्याच्या भांड्यात ठेवू नका, मरतात.)

एडिसनकर

न्यू जर्सीत आमचं घर लाकडी सांगाड्याचं. जमिनीखाली १६-१६ इंचांवर आडवे वासे, वर प्लायवूडसारखी फळी आणि कार्पेट. इथे राहत्या खोल्यांना चौरस फुटाला ४० पौंड धरतात, म्हणजे आकडा जवळपास भारतातलाच. ७५ गॅलनचा टँक भरल्यावर साडेआठशे पौंडांच्या आसपास जातो.

मी हौसेने टीव्हीशेजारी ठेवला तेव्हा तो वाशांना समांतर होता. चार फूट लांबीचा सगळा भार एक-दोन वाशांवर. मुलगी उड्या मारायला लागली की पाणी डचमळायचं, म्हणून बेसमेंटमध्ये जाऊन टॉर्च मारला तेव्हा वाशांची दिशा कळली. आधी बघायला हवी होती, हे बायकोने सांगून झालंय. मग आडवा फिरवला, बाहेरच्या भिंतीला लागून, आता तीन-चार वासे वाटून घेतात. खाली एक आडवं लाकूड आणि दोन लोखंडी टेकूही लावून घेतले.

चाळकरी

मासे पाळले नाहीत, पण पाणी पाळलंय. लालबागला आमच्या मोरीवरच्या माळ्यावर ५०० लिटरची टाकी होती, कारण नळ पहाटे तासभर. म्हणजे चार फुटी फिशटँकपेक्षा जड, आणि खाली आम्ही आंघोळ करायचो. माळ्याला चीर पडली तेव्हा एका जाणत्या मिस्त्रीने चिरेवर काचेची पट्टी सिमेंटने चिकटवली. म्हणाला, काच तडकली तर चीर चालू आहे, नाही तर जुनी आहे. नवव्या दिवशी तडकली. आता दोन ड्रम जमिनीवर.

टाळ्या

सासूबाईंच्या तांदळाच्या कोठ्या मोजल्या. आमची जमीन कशालाही घाबरत नाही.

नाशिकची

स्लॅबला काही झालं नाही, लादी गेली. स्टँड लोखंडी, चार पायांचा, पायाचं टोक जेमतेम दीड इंच. एका पायाखालची व्हिट्रिफाइड लादी पोकळ बसली होती. रात्री दोनला 'टक्क' आवाज आला. सकाळी लादीला चीर, पाय दोन मिलिमीटर खाली. तेवढ्याने टाकीला पीळ बसला आणि कोपऱ्याचा सिलिकॉन सुटला. थेंब-थेंब गळती आठवडाभर आम्हाला दिसलीच नाही, खालच्यांच्या फॉल्स सीलिंगला दिसली. आता खाली सपाट तळ असलेलं प्लायचं कपाट आणि वर थर्माकोल. रंगाचा खर्च आम्हीच दिला.

बाल्कनीतला

ठाण्यात बाल्कनीत ठेवणार होतो, हवा-उजेड छान म्हणून. टाकीसुद्धा ठरली होती. हे बरोबर होतं का?

ओळंबा

नाही! बाल्कनी एका बाजूने धरलेली असते, दुसरं टोक अधांतरी. तिच्यात मुख्य सळई वरच्या अंगाला लागते, आणि काँक्रीट ओतताना मजुरांच्या पायांनी ती खाली दबते. नकाशावर एक, प्रत्यक्षात दुसरंच. कठड्याजवळ पाणी ठेवणं म्हणजे पट्टीचं टोक दाबणं. कुंड्यासुद्धा भिंतीकडे सरकवा.

गप्पीवाली

सगळ्यांचे आभार. रविवारी ओळखीच्या एका इंजिनीअरना घेऊन खालच्यांकडे गेलो. त्यांनी छतावर छोट्या हातोडीने ठोकत ठोकत खोली फिरली. दाराकडे खणखणीत आवाज, खिडकीकडे बद्द. तिथे थोडं खरवडलं तर गंजाचा पापुद्रा हातात आला. खालच्या काकूंनी गेल्या दिवाळीलाच तिथे पुट्टी मारून रंग दिला होता. तिथे नेमका आमच्या मुलाचा कोपरा.

आता सोसायटीच्या सभेत स्ट्रक्चरल ऑडिटचा विषय आहे. तीस वर्षं उलटल्यावर ते करायलाच हवं होतं, म्हणे. टँक तीन फुटी ठरला, भरून पावणेतीनशे किलो, दाराकडच्या बीमवर, तोही ऑडिटनंतर. मुलगा दोन दिवस बोलत नव्हता. सासऱ्यांनी तोवर काचेची बरणी आणून दिलीय, त्यात चार गप्पी आहेत, आणि बाहेरून पेन्सिलीने पाण्याची रेघ मारून ठेवलीय. रोज सकाळी चहाच्या आधी वाकून बघतात.