पावसाच्या रानात मुक्काम: तुमचे अनुभव लिहा (अनुभव धागा)

मंडळी नमस्कार. कोल्हापुरातनं कोकणात-गोव्यात आपण सगळेच जातो. फोंडा, करूळ, आंबोली, तिलारी यातला कुठला तरी घाट उतरतोच, आणि ज्या रानातनं तो घाट जातो ते रान गाडीच्या काचेतनं बघून पुढं मालवणला मासे खायला. मला मात्र अलीकडं असं वाटायला लागलंय की समुद्र काय पळून जात नाही, मुक्काम वर रानातच करावा. अरबी समुद्रावरनं आलेले ढग या कड्यांना अडतात आणि सगळं पाणी इथंच ओतून टाकतात, गगनबावड्याला वर्षाला ६००० मिलिमीटरच्या घरात पाऊस, आंबोलीला त्याहून जास्त. शिरोळकडं म्हणाल तर स्वतःचा पाऊस थोडकाच, तिथं पूर येतो तो या वरच्या पाण्यानं. म्हणजे २०१९ ला आपल्या दारात आलेलं पाणी कुठनं निघालं होतं हे बघायचं असेल तर या रानातच जायला पाहिजे.

२०१२ साली युनेस्कोनं पश्चिम घाटातल्या ३९ जागा जागतिक वारसा म्हणून घेतल्या, त्यात आपलं राधानगरी अभयारण्य आहे. आणि आपल्यातले कितीतरी जण तिथं एक रात्रसुद्धा राहिलेले नाहीत, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तर लिहा. कुठं राहिलात, रात्री काय ऐकलंत, जेवायला काय होतं, कोण बरोबर घेऊन फिरलं. परदेशातलं असलं तरी चालेल, समुद्राजवळचं पावसाचं रान असलं म्हणजे झालं. रेन डान्स आणि स्विमिंग पूलवाल्या रिसॉर्टसाठी दुसरा धागा काढूया.

शिवाजी पेठेतनं

आमचं एकच, दाजीपूर. कोल्हापुरापासनं ८० किलोमीटर, सकाळी मिसळ खाऊन निघालं तरी निवांत पोचतंय. पावसाळ्यात अभयारण्य बंद असतंय त्यामुळं आमी दिवाळीनंतर जातो, थंडी पडल्यावर. पूर्वी ही संस्थानची शिकारीची जागा, मग १९५८ ला गव्यांसाठी अभयारण्य झालं आणि १९८५ ला राधानगरी धरणाचं रान मिळवून मोठं केलं, आता ३५१ चौरस किलोमीटर आहे.

गेटवरनं गाइड आणि गाडी मिळते. आमच्या बरोबरचे मामा तिथल्याच वाडीतले, बोलणं मोजकंच. सावराईच्या सड्यावर, म्हणजे डोंगरावरच्या सपाट खडकाळ पठारावर, त्यांनी इंजिन बंद करायला लावलं आणि कोण काय बोलू नका म्हणाले. धुकं होतं, काय दिसत नव्हतं, पोरं कंटाळायला लागलेली, आणि मग नाकातनं सोडलेला श्वास ऐकू आला, एवढा जड आवाज की सगळे जागच्या जागी. धुकं जरा सरकलं तर समोर कळप, गुडघ्याखाली पांढरे पाय, आणि मधला नर तर असला की बघतच राहायचं. टनाच्या आसपास वजन भरतं म्हणे मोठ्या गव्याचं. त्यानं आमच्याकडं बघितलं, परत गवतात तोंड घातलं. आमी काय फोटो काढत बसलो नाही, नुसतं बघितलं. तेवढ्यात मागनं दुसरी गाडी गाणी लावून आली आणि कळप कारवीत गेला. मामांनी त्या पोरांना खाली उतरून हात जोडले, "हे यांचं घर हाय बाबांनो." मला ते लय लागलं. माझं एकच म्हणणं आहे, रानात जाऊन आवाज करणाऱ्याला गेटवरच परत लावायला पाहिजे.

रात्री भाकरी, झुणका आणि ठेचा. उगवाईची देवराई बघायला विसरू नका, तिथल्या वेली माणसाच्या मांडीएवढ्या जाड आहेत.

रुईकर कॉलनी

आंबोली, जुलै महिना, आम्ही दोघं, मुलगा आणि सासूबाई. हॉटेल मुद्दाम टाळलं आणि गावातल्या एका घरी राहिलो, मागच्या परड्यातच रान सुरू होतं. आंबोलीचा धबधबा आणि तिथली शनिवार-रविवारची गर्दी सगळ्यांना माहीतच आहे, त्याबद्दल लिहीत नाही. मला रात्रीबद्दल लिहायचंय.

जेवणं झाल्यावर गावातलाच एक तरुण बेडूक दाखवायला घेऊन गेला. आधी त्यानं आमचे हात बघितले, कोणी ओडोमॉस लावलंय का विचारलं, कारण बेडकाची कातडी सगळं शोषून घेते आणि आपल्या हाताला लागलेलं त्याला बाधतं, म्हणून हात लावायचाच नाही. मग पाण्याच्या टाकीवर वाकलेल्या फांदीवर मलबारचा उडता बेडूक दाखवला, पोपटी हिरवा, बोटांमधले पडदे शेंदरी, आणि शेजारच्या पानांना साबणाच्या फेसासारखा गोळा चिकटलेला. ते त्यांचं घरटं. अंडी त्या फेसात असतात आणि पिल्लं तयार झाली की खाली पाण्यात टपकतात, म्हणून घरटं नेहमी पाण्याच्या वरच बांधायचं. मुलगा दहावीत आहे, त्यानं हे पुस्तकात वाचलेलंसुद्धा नव्हतं आणि एरवी मोबाइल न सोडणारा हा पोरगा पावसात उकिडवा बसून होता.

पुढं सड्यावर आंबोली टोड. पिवळे-काळे पट्टे असलेला बेडकासारखा छोटासा जीव, शास्त्रज्ञांनी २००९ मध्ये त्याचं वर्णन केलं, आणि या भागातल्या जांभ्याच्या सड्यांशिवाय जगात कुठं आढळत नाही. तो रस्त्यावर येतो आणि आपल्या गाड्यांखाली चिरडतो हे त्या मुलानं सांगितलं तेव्हा सासूबाई म्हणाल्या, मग रात्री घाटात गाडी चालवायचीच कशाला. अगदी खरं आहे, आंबोलीला जाणार असाल तर उजेडात पोचा.

परत येताना त्यानं सगळ्यांना टॉर्च बंद करायला सांगितलं. डोळे सरावायला बराच वेळ गेला आणि मग कुजक्या लाकडांवर, पडलेल्या काटक्यांवर हिरवट उजेड दिसायला लागला. बुरशीचा उजेड. सासूबाईंनी हात जोडले. मी पण जोडले.

दुसऱ्या दिवशी हिरण्यकेशीच्या मंदिरात गेलो. तिथल्या कुंडात एक छोटा मासा आहे, २०२० मध्ये तो नवीन प्रजाती म्हणून जाहीर झाला, नावही हिरण्यकेशीवरूनच दिलंय, आणि २०२१ ला ती जागा जैवविविधता वारसा स्थळ केली. देवाचं पाणी म्हणून कुणी तिथं मासे धरले नाहीत म्हणून तो वाचला असं मला वाटतं. हीच नदी पुढं आजरा, गडहिंग्लजला जाते आणि घटप्रभेला मिळते.

जळवांचं विचारतील म्हणून सांगते, चावतात. दुखत नाही, फक्त रक्त गोठू न देणारा द्रव ती सोडते म्हणून थोडा वेळ वाहत राहतं. मीठ लावलं की सुटते. लांब मोजे घाला, घाबरू नका.

राजारामपुरी

आमचा अनुभव लांबचा आहे. लेक अमेरिकेत असते, तिनं आम्हा उभयतांना कोस्टा रिकाला नेलं, तिथला ओसा द्वीपकल्प. मी शाळेत भूगोल शिकवला, विषुववृत्तीय वर्षावन फळ्यावर कितीदा लिहिलं असेल, पण त्यात उभी राहिले ती सेवानिवृत्तीनंतर.

सिएर्पे नावाच्या गावापर्यंत रस्ता, तिथून पुढं बोट. नदी खारफुटीतून जाते, दोन्ही बाजूंनी मुळांची जाळी, मग एकदम मुख लागतं आणि बोट पॅसिफिकच्या लाटांवर उडायला लागते. ह्यांनी माझा हात घट्ट धरलेला. ड्रेक बे या आमच्या मुक्कामाच्या जागी धक्का वगैरे काही नाही, चपला हातात घेऊन गुडघाभर पाण्यातून किनाऱ्यावर उतरायचं. लॉज चढावर, लाकडी खोल्या, खिडक्यांना काच नाही, नुसती बारीक जाळी. वीज सोलरची, त्यामुळं रात्री ठरल्या वेळेनंतर कंदील. सगळे पाहुणे एकाच लांब टेबलावर जेवायला, भात आणि काळ्या घेवड्याची उसळ रोज असायची, आम्हा शाकाहाऱ्यांचं छान भागलं.

पहाटे अंधारात असा आवाज आला की मला वाटलं वाघ आहे. तिथं वाघ नसतो. ती हाउलर माकडं, आवाज काही किलोमीटर जातो. तिथं माकडांच्या चार जाती आहेत आणि चारही आम्हाला दिसल्या. दुपारी किनाऱ्यावर लाल मकाव पोपटांचे थवे झाडावर बसून काहीतरी फोडून खात होते, टरफलं टपटप खाली पडत होती. फळ उचलून बघितलं तर आपला देशी बदाम! आमच्या राजारामपुरीच्या अंगणात होता तोच, लहानपणी दगडानं फोडून खाल्लेला. झाड मूळचं आपल्या आशियातलं, माणसांनी तिकडं नेलं आणि आता मकावचं ते आवडतं खाणं झालंय.

कोर्कोवादो नॅशनल पार्कमध्ये गाइडशिवाय सोडत नाहीत, २०१४ पासून तसा नियमच आहे. पार्क १९७५ चं. त्याआधी आणि नंतरही तिथं नदीच्या वाळूतून सोनं काढायचे, आमच्या गाइडचे वडील तेच करायचे आणि मुलगा आता तापीर (छोट्या सोंडेसारखं नाक असलेला प्राणी) दाखवून घर चालवतो. तो आम्हाला "माझं रान" म्हणून सांगायचा. देशाची पाव जमीन संरक्षित आहे. मला तिथं सारखं दाजीपूर आठवत होतं. त्यांच्याकडं आहे ते बरंचसं आपल्याकडंही आहे हो, आपल्या वाडीतल्या मुलांना त्यातून असाच रोजगार मिळाला पाहिजे.

साठीच्या पुढच्यांसाठी: डिसेंबर ते एप्रिल पाऊस कमी असतो तेव्हा जा, चिखलाचे गमबूट बहुतेक लॉजवर देतात, आणि औषधं जास्तीची न्या कारण दुकान म्हणजे परत बोटीचा प्रवास.

कसबा बावडा

गगनबावडा. भर श्रावणात एका ओळखीच्यांच्या घरी राहिलो. काहीच बघितलं नाही, सगळा वेळ ढगात. करूळ घाटाच्या तोंडाशी उभं राहिलं की खालनं कोकणातला वारा ढग घेऊन वर येतो आणि पाऊस खालून वर पडतो. शीळकरी कस्तुर हा पक्षी पहाटे शीळ घालतो, माणूसच वाटतो. घावणे, काळ्या वाटाण्याची उसळ, झोप. मला एवढंच पाहिजे होतं.

गडहिंग्लज

तिलारीचं कोणी लिहिलं नाही म्हणून लिहितो. चंदगडवरनं घाट उतरला की दोडामार्ग तालुका, तिथं २०२० मध्ये तिलारी संवर्धन राखीव क्षेत्र जाहीर झालं, साधारण २९ चौरस किलोमीटर. आम्ही मे अखेरीस एका बागायतदाराच्या घरी उतरलो, त्यांनी दोन खोल्या पाहुण्यांसाठी काढल्यात. सुपारी, मिरी, जायफळ आणि त्याला लागून रान. महाधनेश उडाला की पंखांचा आवाज आधी येतो, मग पक्षी दिसतो. त्यांच्या मुलानं श्रीलंकन फ्रॉगमाउथ या पक्ष्याची जोडी दाखवली, वाळक्या पानांच्या रंगाची, हातभर अंतरावर बसलेली तरी मला दिसेना, त्यानं बोट धरून दाखवल्यावर दिसली. रात्री काजव्यांनी झाडं भरलेली.

बांबर्ड्याला जंगली जायफळाची दलदल आहे, मिरिस्टिका स्वॅम्प म्हणतात, तिथं झाडांची मुळं गुडघा वाकवल्यागत चिखलातनं वर येतात, श्वास घ्यायला. असली दलदल महाराष्ट्रात दुर्मिळ. देवाची राई म्हणून लोकांनी राखली. अनवाणी गेलो आम्ही.

पण येताना डोंगरच्या डोंगर तासलेले दिसतात, रबर आणि अननसासाठी. जमीन खाजगी, पैसा बाहेरचा. आणि हाच पट्टा चांदोली-राधानगरीतनं खाली गोवा-कर्नाटकापर्यंत वाघ आणि हत्तींच्या येण्याजाण्याचा आहे. २००२ पासनं हत्ती कर्नाटकातनं या भागात येतात, आमच्या आजरा-चंदगडकडंही टस्कर (सुळेवाला हत्ती) फिरतो, शेताचं नुकसान होतं, शेतकरी चिडतो, त्याचंही बरोबर आहे. रान राहिलं तर हत्ती रानात राहील. माझं पर्यटकांना सांगणं आहे की असल्या घरांत राहा ज्यांनी झाडं ठेवलीत, तुमचे चार पैसे त्यांना मिळू देत, म्हणजे रबरवाल्याला जमीन द्यायच्या आधी शेजारचापण विचार करील.

इचलकरंजी

सगळं वाचून काढलं, फार छान. एक विचारू का, आईचे गुडघे दुखतात, जास्त चालवत नाही, पण तिला पावसातलं रान बघायचंय. कुठं जाऊ?

धागा काढणारा

ताई, आंबोलीच बरं. घरगुती मुक्काम घ्या, पण आधी फोन करून दोन गोष्टी विचारा: पायऱ्या किती आहेत आणि संडास खोलीला लागून आहे का. शनिवार-रविवार टाळा, मंगळवार-बुधवार जा. आईंना चालायची गरज नाही, पडवीत खुर्ची टाकून बसल्या तरी बेडूक, पक्षी सगळं दारात येतं, आणि हिरण्यकेशीला मंदिराजवळपर्यंत गाडी जाते, पुढचा थोडाच टप्पा पायी आहे. कपडे वाळत नाहीत, म्हणून लोकरीचं काही नेऊ नका, सुती जास्तीचे न्या. छत्रीचा वाऱ्यात उपयोग नाही, रेनकोट घ्या. दाजीपूर आईंना दिवाळीनंतर दाखवा, तिथं गाडीतनंच फिरता येतं.

आणि गडहिंग्लजकर दादा, त्या बागायतदारांची परवानगी असेल तर त्यांचा मुक्काम कसा ठरवायचा ते लिहा, बरेच जण विचारतायत. पारगड बाजूचं अजून कोणी लिहिलेलं नाही, चंदगडकर कोण वाचत असेल तर लिहा की.