‘परराष्ट्रीय’ म्हणावं की ‘यहूदीतर’?

प्रश्न : मराठी बायबलमध्ये पौल ‘परराष्ट्रीयांचा प्रेषित’ आहे. आज परराष्ट्र म्हटलं की मंत्रालय आणि दूतावास डोळ्यांपुढे येतात. मूळ शब्द कोणता? नव्या लेखनात काय वापरावं?

– मूळ ग्रीक शब्द ‘एथ्नोस’, अनेकवचन ‘एथ्ने’. अर्थ लोकसमूह. हिब्रू शास्त्राच्या जुन्या ग्रीक भाषांतरात ‘गोय’ साठी तो आला. गंमत अशी की एकवचनी ‘गोय’ खुद्द इस्राएललाही लावला आहे (निर्गम १९:६, ‘पवित्र राष्ट्र’). ‘गोयीम’ या अनेकवचनात मात्र बहुधा ‘इतर लोक’ अभिप्रेत असतात. यात देशाची सीमा नाही. कर्नेल्य हा यहूदी नसलेला रोमी शताधिपती (शंभर सैनिकांचा अधिकारी) कैसरियात राहायचा, म्हणजे यहूदीयातच. एका व्यक्तीबद्दल लिहिताना म्हणून ‘यहूदीतर’च घ्यावा. ‘सर्व राष्ट्रांतील लोकांना शिष्य करा’ अशा जागी मात्र ‘यहूदीतर’ घातला तर ‘सर्व’ची व्याप्तीच जाते, तिथे ‘राष्ट्रे’ राहू द्या.

– ‘अन्यजातीय’ कसा वाटतो?

– टाळा. आपल्याकडे ‘जात’ हा शब्द मोकळा नाही, वाचक लगेच उच्चनीचतेत शिरतो. याच कारणाने ‘रोटीव्यवहार’ भाषांतरात नको; समजावून सांगताना मात्र त्याच्याइतका नेमका शब्द नाही. सिरियातल्या अंत्युखिया शहरात प्रेषित पेत्र यहूदीतरांच्या पंगतीला बसत असे. यरुशलेमच्या मंडळीचा पुढारी याकोब, त्याच्याकडून माणसं आली तसा पेत्र मागे सरला, आणि पौलाने त्याला तोंडावर सुनावलं (गलती २). ग्रीक क्रियापद ‘सुनेस्थिएन’ म्हणजे सोबत जेवणं. अडचण बहुधा मूर्तीला वाहिलेल्या मांसाची, रक्ताची आणि आहारनियमांची असावी.

– ‘हेल्लेणी’बद्दल सावध राहा. प्रेषितांची कृत्ये ६:१ मध्ये तो शब्द ग्रीक बोलणाऱ्या यहूद्यांसाठी आहे. ११:२० मध्ये हस्तलिखितांत ‘हेल्लेनिस्तास’ आणि ‘हेल्लेनास’ असे दोन पाठ मिळतात. संदर्भ पाहता तिथे यहूदीतर ग्रीकच हवेत, कारण अंत्युखियातली नवी गोष्ट तीच होती. दोन्हीकडे एकच मराठी शब्द ठेवला की ती निसटते.

– आणि कर्नेल्यासाठी ‘धर्मांतरित’ लिहू नये. सुंता करून यहूदी झालेल्याला ग्रीकमध्ये ‘प्रोसेलुतोस’ म्हणत. मराठी बायबलमध्ये ‘यहूदीयमतानुसारी’. कर्नेल्य नुसता ‘देवाचे भय बाळगणारा’ होता, सुंता न झालेला. इ.स. ४९च्या सुमारास यरुशलेमेत झालेल्या प्रेषित व वडीलजनांच्या सभेचा वादही याच फरकावर होता: ख्रिस्ती मंडळीत येण्यासाठी आधी यहूदी व्हावं लागेल का? सभेने सुंता मागितली नाही. अटी चारच: मूर्तींना अर्पिलेलं, रक्त, गळा दाबून मारलेलं आणि जारकर्म वर्ज्य. पहिल्या तीन थेट ताटाशी बांधलेल्या आहेत. एकत्र जेवता यावं म्हणूनच त्या घातल्या, असं मला वाटतं.

– मग ‘परका’ कुठे बसतो?

– ‘अल्लोगेनेस’ साठी, म्हणजे वेगळ्या वंशातला. यरुशलेमच्या मंदिरातील कठड्यावर ग्रीकमध्ये कोरलेली ताकीद १८७१मध्ये सापडली. तो दगड आता इस्तंबूलला आहे. आशय असा: परक्याने या कठड्याच्या आत येऊ नये, सापडला तर मरणाला तोच जबाबदार. तिथे ‘यहूदीतर’ लिहिलं तर अर्थ चुकत नाही, पण ताकिदीचा धाक जातो. इफिस २:१४ मधल्या ‘आडभिंती’चा संबंध अनेक अभ्यासक याच कठड्याशी लावतात. त्या ओवीवर टीप लिहिणार असाल तर ‘परका’ आणि ‘आडभिंत’ हे दोन्ही शब्द शेजारी ठेवा.