मुंबईत नाटक, गाणं, चित्रं बघायला येतोय, राहायचं कुठे? (लवकर सांगा)

घाईत_इंदुरी
मुंबईला येतोय, चार दिवस. मराठी नाटकं, जहांगीर आर्ट गॅलरीची प्रदर्शनं, जमलं तर गाण्याची मैफल. सगळ्याला मध्यवर्ती पडेल असा एरिया सांगा. बुकिंगच्या साइटवर 'शहराच्या मध्यापासून ४ किमी' असं लिहितात, तो मध्य नेमका कुठला ते कळत नाही. आज रात्री खोली बुक करायचीच आहे, दर रोज वाढताहेत. 'आधीचे धागे वाचा' म्हणणार असाल तर राहू द्या.

फोर्टातला_पारवा
काळा घोडा. विषय संपला.
जहांगीर, समोर छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, चौक ओलांडला की एनजीएमए, म्हणजे आधुनिक कलेचं राष्ट्रीय संग्रहालय. तिन्ही पाच मिनिटांच्या चालीत. कुलाब्याच्या खासगी गॅलऱ्या टॅक्सीने दहा मिनिटं, एनसीपीए (नरिमन पॉइंटचं नाटक-संगीताचं केंद्र) पंधरा. हॉटेलं फोर्ट, कुलाबा किंवा चर्चगेटला बघा. मादाम कामा रोडवरच्या वायडब्ल्यूसीएच्या अतिथीगृहात पुरुष आणि जोडपीही राहू शकतात, तिथेही चौकशी करा.

दादरकर_७०
पारवासाहेब, पहिला शब्द 'नाटकं' आहे, तोही 'मराठी' लावून. काळ्या घोड्याला कुठलं मराठी नाटक लागतं? नाट्यगृहं बघा: शिवाजी मंदिर दादरला, यशवंत माटुंग्याला, रवींद्र प्रभादेवीला, दीनानाथ पार्ल्याला. फोर्टात राहून दर रात्री उलटा प्रवास कशाला?

वही_पेन
थांबा. तारखा? किती जण? बजेट? कशाने येताय आणि उतरणार कुठे? एवढं कळल्याशिवाय काहीही सांगणं म्हणजे अंधारात दगड.

घाईत_इंदुरी
जानेवारीत. बजेट मध्यम.

वही_पेन
जानेवारीत कधी? शेवटच्या आठवड्यापासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत कधीतरी काळा घोडा महोत्सव असतो. तेव्हा फोर्टात पाय ठेवायला जागा नसते. आणि मध्यम म्हणजे दोन हजार की सात?

कॅनव्हास_पिवळा
जहांगीरबद्दल सांगतो. प्रदर्शनासाठी अर्ज वेळेत करा, प्रतीक्षायादी काही वर्षांची असते. कामांचे फोटो नीट प्रकाशात काढलेले हवेत, काचेवर चमक आलेले चालत नाहीत. फ्रेमा इंदूरहून आणण्यापेक्षा कॅनव्हास गुंडाळून आणा आणि स्ट्रेचर इथे बनवून घ्या, स्वस्त पडतं.

घाईत_इंदुरी
अहो, मला प्रदर्शन भरवायचं नाहीये, बघायचंय!
तिसरा आठवडा. गुरुवारी येतोय, रविवारी परत. खोलीला चार-साडेचार हजारांपर्यंत. आई-बाबा आणि मी.

वही_पेन
आई-बाबा आत्ता आले होय! वय? जिने चढता येतात का?

घाईत_इंदुरी
बाबा ७१. आईचे गुडघे दुखतात, एक मजला चालतो. गाडी अवंतिका आहे.

फलाट_क्रमांक_४
मग सगळं गणित बदललं. अवंतिका पहाटे पाचच्या सुमारास मुंबई सेंट्रलला पोचते आणि बहुतेक हॉटेलांत खोली मिळते दुपारी बाराला. सात तास आई-बाबांना घेऊन कुठे फिरणार? दोन रस्ते आहेत. एक, हॉटेलला फोन करून पहाटे खोली देतील का विचारायचं. 'बघू' म्हणाले तर ते नाही समजायचं; अर्ध्या दिवसाचं भाडं ठरवून लेखी घ्या. दोन, मुंबई सेंट्रललाच रिटायरिंग रूम. पीएनआर पक्का असेल तर आयआरसीटीसीवरून आधी बुक होते. आंघोळी उरकून दहाला बाहेर पडता येतं.

परतीची गाडी रविवारी संध्याकाळी सातच्या सुमारास आहे. म्हणजे रविवारचा दुपारी चारचा प्रयोगही हातचा गेला. नाटक सुटायला साडेसहा, दादरहून मुंबई सेंट्रल गाठून डबा शोधेपर्यंत गाडी हललेली. सकाळचा प्रयोग असला तरच रविवार जमेल.

टाइमिंग_चिप
आणखी एक गोष्ट कुणी बोललं नाही. जानेवारीचा तिसरा रविवार म्हणजे मुंबई मॅरेथॉन. सुरुवात-शेवट सीएसएमटीच्या आसपास. पहाटेपासून दुपारपर्यंत फोर्ट, मरीन ड्राइव्ह, पेडर रोडकडचे रस्ते टप्प्याटप्प्याने बंद. फोर्टातली हॉटेलं धावपटूंनी भरतात. दर रोज वाढताहेत म्हणालात, त्याचं कारण बहुधा हेच. वाहतूक पोलिसांची सूचना आदल्या दिवशी निघते, ती बघा. लोकल चालू असतात, टॅक्सी मिळणं अवघड.

फोर्टातला_पारवा
बरं, रविवारचं मान्य. पण गुरुवार-शुक्रवारचं काय? दादरला राहून रोज सकाळी काळ्या घोड्याला यायचं?

दादरकर_७०
यायचंच. दादर ते चर्चगेट फास्ट लोकलने वीसेक मिनिटं. सकाळी साडेअकरानंतर निघा, गर्दी ओसरलेली असते आणि जहांगीर तशीही अकराला उघडते. आता मेट्रो ३ आहे. दादरला बसा, हुतात्मा चौकाला उतरा, तिथून चालत. सरकते जिने, लिफ्ट सगळं आहे, आईंना लोकलच्या पुलापेक्षा हे बरं. भुयारात मोबाइल नेटवर्कच्या भरवशावर राहू नका, तिकीट वर असतानाच काढून ठेवा.

वही_पेन
मेट्रोची शेवटची गाडी साडेदहाच्या आसपास सुटते हेही सांगा. रात्री आठ-साडेआठचं दोन अंकी नाटक मध्यंतर धरून अकराला सुटतं. जायला मेट्रो, परत यायला नाही.

म्हणूनच म्हणतेय, राहायची जागा दिवसाच्या कार्यक्रमावरून ठरवू नका, रात्रीच्या प्रयोगावरून ठरवा. सकाळी कुठूनही कुठेही जाता येतं, बाबा ताजेतवाने असतात, दोनशे रुपये टॅक्सीला गेले तरी चालतं. रात्री अकराला नाट्यगृहाबाहेर पाचशे माणसं एकाच वेळी मोबाइलवर टॅक्सी शोधत असतात, भाडं दुप्पट दाखवतं आणि आईंना बसायला कट्टा नसतो. नाट्यगृहापासून दहा मिनिटांत खोली, ही पहिली अट. बाकीचं नंतर.

पार्ले_पूर्व
मग पार्ले. दीनानाथ मंगेशकर नाट्यगृह पूर्वेला, पृथ्वी थिएटर पश्चिमेला जुहूत, मध्ये स्टेशन. शिवाय रिक्षा. ही गोष्ट इंदूरच्या माणसाला ठाऊक नसते: वांद्रे-सायनच्या दक्षिणेला रिक्षा चालतच नाही. दादर, फोर्ट, गिरगाव, सगळीकडे फक्त टॅक्सी आणि बस. जवळच्या भाड्याला टॅक्सीवाला मान हलवतो.
पृथ्वी सोमवारी बंद, बाकी दिवस काही ना काही असतं. २०० खुर्च्या, रंगमंचाच्या तीन बाजूंनी. तिकिटावर सीट नंबर नसतो, रांगेत जो पुढे तो आधी बसतो. अर्धा तास आधी पोचा आणि आईंना खालची ओळ मिळवा, वर पायऱ्या उंच आहेत. उशीर झाला तर दार उघडत नाहीत, तिकीट असलं तरी.

दादरकर_७०
पृथ्वीला मराठी किती? हिंदी-इंग्रजीच जास्त. आणि पार्ल्याला फास्ट लोकल थांबत नाही. चर्चगेटहून स्लो गाडीने पाऊण तास. जहांगीर बघायला रोज दीड तास गाडीत?

पार्ले_पूर्व
अंधेरीला फास्ट पकडायची, एक स्टेशन मागे जायचं. डोकं वापरलं की होतं.

वही_पेन
गुडघे दुखणाऱ्या बाईंना अंधेरीचा पूल चढायला लावणार? धन्य.

सदाशिव_पेठी
मुळात चारच दिवस असतील तर मुंबई कशाला? पुण्यात बालगंधर्व, भरत, यशवंतराव चव्हाण. रिक्षा सगळीकडे. आणि डिसेंबरात आलात तर गाण्यासाठी सवाई गंधर्व महोत्सव.

फोर्टातला_पारवा
आले! त्यांची तिकिटं मुंबई सेंट्रलची आहेत हो.

प्रायोगिक
दादरला जाल तर छबिलदास शाळा बाहेरून तरी बघा. १९७४ पासून तिथल्या सभागृहात 'आविष्कार' या नाट्यसंस्थेने प्रायोगिक रंगभूमी जगवली. तो काळ सरला, पण जागा बघायला हवी. स्टेशनजवळच आहे.

खवय्या_दादर
छबिलदासवरून आठवलं, शिवाजी पार्कला 'प्रकाश'चं पीयूष आणि साबुदाणा वडा चुकवू नका.

दादरकर_७०
पीयूष प्रकाशचं, पण मिसळ 'आस्वाद'ची, सेनाभवनासमोर.

खवय्या_दादर
मिसळ आणि आस्वाद? गोड मिसळीला मिसळ म्हणायची तर इंदूरच्या पोह्यांनी काय पाप केलंय?

घाईत_इंदुरी
पोहे आम्ही घरी खाऊ. मला फक्त सांगा: फोर्ट की दादर? आणि दादर असेल तर पूर्व की पश्चिम?

वही_पेन
दादर. पूर्वेला हॉटेलं जास्त आहेत, स्टेशनजवळच्या गल्ल्यांत आणि आंबेडकर रस्त्याला. मिडटाउन प्रीतम तिकडेच आहे, जरा जुनं नाव. नाट्यगृहं मात्र पश्चिमेला. मध्ये रेल्वे, म्हणजे पूल किंवा टिळक पुलावरून टॅक्सी. आईंना पुलावरून चालवू नका, टॅक्सीच करा. भाडं किरकोळ, वेळ दहा-पंधरा मिनिटं. पश्चिमेला, म्हणजे प्लाझा ते शिवाजी पार्क पट्ट्यात, बजेटमध्ये खोली मिळाली तर डोळे झाकून घ्या.

डोळे झाकून म्हणजे हे विचारून: लिफ्ट आहे का आणि ती रात्री अकरानंतर चालू असते का. जुन्या इमारतींत हॉटेल तिसऱ्या मजल्यावर असतं आणि लिफ्ट सोसायटीची. खोलीला बाहेरची खिडकी आहे की हवेच्या पोकळीत उघडते. संडास पाश्चात्त्य आहे का. तिसऱ्या माणसाला खाट देतात की नुसती गादी, आणि तिचे वेगळे किती. चेकआउट बाराचा की चोवीस तासांचा. चोवीस तासांचा मिळाला तर पहाटेचा प्रश्न अर्धा सुटतो. तिघांची आधार कार्डं मूळ लागतील, मोबाइलवरच्या फोटोवर काही जण अडतात.

फोर्टातला_पारवा
हरलो म्हणत नाही, पण निदान दिवसाचा क्रम माझा घ्या. गुरुवारी सामान हॉटेलवर टाकून फक्त वस्तुसंग्रहालय. तळमजल्यावरची शिल्पं आणि पहिल्या मजल्यावरची लघुचित्रं, एवढंच बघा. सगळं बघायला गेलात तर आई दुसऱ्या दिवशी उठणार नाहीत. शुक्रवारी जहांगीर आणि खासगी गॅलऱ्या. जहांगीरला प्रवेश फुकट, ११ ते ७. तिथे प्रदर्शनं साधारण मंगळवारी लागतात आणि सोमवारी उतरतात, म्हणजे शुक्रवारी सगळं जागेवर. खासगी गॅलऱ्या बऱ्याच रविवारी बंद, म्हणून त्या रविवारवर ढकलू नका. दार बंद दिसलं तरी बेल वाजवा, आत माणूस असतो, विकत घ्या म्हणून मागे लागत नाही.
एनजीएमएमध्ये अर्धगोल मजल्यांवर चढत जावं लागतं. आईंना तळाशी बसवून तुम्ही आणि बाबा वर जा. जहांगीरमधलं समोवार कॅफे २०१५ मध्ये बंद झालं, कुणी जुन्या आठवणीवरून सुचवलं तर शोधत बसू नका.

षड्जपंचम
गाण्याचं कुणी बोललंच नाही. शुक्रवार रात्र त्यासाठी ठेवा. एनसीपीएचा महिन्याचा कार्यक्रम त्यांच्या संकेतस्थळावर असतो. थिएटरचं नाव नीट वाचा, एकाच आवारात टाटा, एक्सपेरिमेंटल, जमशेद भाभा, लिटल आणि गोदरेज अशी पाच आहेत, आणि फाटक एकच धरून चाललात तर आईंना उगाच फेरा पडतो. कार्यक्रम वेळेवर सुरू होतो, पहिली रचना चुकली तर ती संपेपर्यंत बाहेर उभं करतात. सुटल्यावर सगळे दारातच टॅक्सीसाठी ताटकळतात; मरीन ड्राइव्हच्या कोपऱ्यापर्यंत चालत आलात तर काळी-पिवळी मीटरने मिळते.
तिथे काही नसलं तर किंग्ज सर्कलचं षण्मुखानंद बघा. दादरहून ते जवळही पडतं. सभागृह प्रचंड आहे, बाल्कनीचं स्वस्त तिकीट घेऊ नका, जिने आहेत आणि गायक बोटाएवढा दिसतो.

दादरकर_७०
आणि शनिवार शिवाजी मंदिर. झालं की नाही शेवटी दादरच?

पार्ले_पूर्व
शिवाजी मंदिरला प्रेक्षागृह वरच्या मजल्यावर आहे, हे सांगितलं नाहीत.

दादरकर_७०
एकच मजला. आईंना एक मजला चालतो, वर लिहिलंय. वाचत चला.

घाईत_इंदुरी
दादर पश्चिमेला एक खोली मिळाली, ४२००, लिफ्ट आहे, चोवीस तासांचा चेकआउट. बुक करतोय. मुंबई सेंट्रलहून पहाटे टॅक्सी मिळेल ना? आणि शनिवारचं तिकीट कसं काढायचं? अजून साइटवर काहीच दिसत नाही.

फलाट_क्रमांक_४
पहाटे टॅक्सी मिळते, मीटरनेच जा. ठरवून भाडं सांगणाऱ्याला सोडा, पुढचा येतो. पण आधी बघा, अवंतिका बोरिवलीला थांबते. कुणी 'तिथे उतरून लोकलने दादर' सांगेल, ऐकू नका. सामान आणि आईंना घेऊन लोकल नको.
चोवीस तासांच्या चेकआउटचा उलटा हिशेबही मांडा: पहाटे सहाला खोली घेतलीत तर रविवारी पहाटे सहाला सोडायची. उशिरापर्यंत ठेवण्याचे किती, ते आजच विचारा. नाहीतर सामान मुंबई सेंट्रलच्या क्लोकरूममध्ये. तिथे प्रत्येक बॅगेला कुलूप लागतं, प्रवासाचं तिकीट दाखवावं लागतं, आणि साध्या पिशव्या घेत नाहीत.

प्रायोगिक
तिकीट: मराठी नाटकाचे प्रयोग आठवडाभर आधीच पक्के दिसू लागतात, आत्ता साइट रिकामी दिसणारच. बुकमायशो आणि तिकिटालय, दोन्ही बघा. काही नाटकं एकावरच असतात. शनिवारच्या मराठी वर्तमानपत्रातली नाटकांची पानभर जाहिरात अजून सगळ्यात पूर्ण. खिडकीवर प्लॅन (खुर्च्यांचा नकाशा) उघडतो, म्हणजे तिकीटविक्री सुरू होते, त्या तारखाही तिथेच छापतात. खिडकी साधारण सकाळी साडेआठ ते साडेअकरा आणि संध्याकाळी पाच ते आठ. तुम्ही गुरुवारी सकाळीच दादरला असाल, चालत जा आणि प्लॅनवर बोट ठेवून कडेची खुर्ची मागा. आईंना पाय लांब करता येतील. ऑनलाइनवर कडेच्या खुर्च्या आधी जातात.

घाईत_इंदुरी
हॉटेलवाला म्हणतो रविवारी दुपारी दोनपर्यंत ठेवा, अर्धं भाडं. ठीक आहे का?

वही_पेन
ठीक आहे. पावतीवर लिहून घ्या.

खवय्या_दादर
आणि मध्यंतरात बटाटावडा घेणार असाल तर पडदा पडायच्या आधी दोन मिनिटं कडेच्या खुर्चीवरून सटका.