मदत हवी आहे: कोलकात्यात मुक्काम कुठे करावा?

जानेवारीत आई (वय 68) आणि मी तीन दिवस कोलकात्याला चाललो आहोत. मागच्या वेळी टॅक्सीने व्हिक्टोरिया, बेलूर मठ, दक्षिणेश्वर सगळं उरकलं, पण शहर काही भेटलं नाही. भेटलं ते शेवटच्या सकाळी, हावडा पुलाखालच्या मल्लिक घाटाच्या फुलबाजारात. झेंडूच्या माळांची जाडजूड वेटोळी डोक्यावर घेऊन माणसं धावत होती आणि आई मातीच्या कपातला चहा धरून तासभर तिथेच रमली.

यंदा तेवढंच हवंय. सकाळी फुलबाजार, मग हुगळीवर फेरीबोट, दुपारी कॉलेज स्ट्रीटची जुनी पुस्तकं (रविवारी बरीच दुकानं बंद, म्हणून तो दिवस टाळलाय), संध्याकाळी खजुराच्या नव्या गुळाची छेन्याची मिठाई, म्हणजे नोलेन गुराचा संदेश. थंडीतच मिळतो, म्हणून तर जानेवारी.

हॉटेलच्या संकेतस्थळांवर बरंच शोधलं. एस्प्लनेड, पार्क स्ट्रीटकडे भरपूर पर्याय दिसतात, पण माझा ओढा उत्तरेकडे, शोभाबाजार-गिरीश पार्क भागात आहे. मेट्रो जवळ आणि जुनी वस्ती पायी फिरता येते. तिथली मोजकीच हॉटेलं सापडली, त्यातही लिफ्टचा उल्लेख नाही.

आईचे गुडघे दुखतात. सपाटीवर तासभर चालते, जिने नकोत. दोघी शाकाहारी, अंडंही नाही. बजेट रात्रीला 3000 पर्यंत.

तिथे राहिलेल्यांनी सांगा: उत्तर कोलकात्यात लिफ्ट असलेली, साधी, स्वच्छ जागा कुठे मिळेल? आणि अहिरीटोला घाटावर बोटीत चढताना पायऱ्या किती उतराव्या लागतात, ओहोटीला आईला जमेल का?