थंडी ओसरतानाची पहिली लागवड आणि पहिली फुले

प्रश्न

दुपारचे ऊन आता तापू लागले आहे, पण पहाटे अधूनमधून दव गोठलेले दिसते. अशा दिवसांत मटार, पालक, झिनिया आणि टोमॅटो यांपैकी कशाचे बी थेट वाफ्यात पेरता येईल? दुसरी शंका डॅफोडिलची आहे. तीन वर्षांपूर्वी लावलेल्या कंदांना यंदा पाने भरघोस आली, फुले मात्र दोन-चारच दिसतात. तसेच नुकत्याच आणलेल्या पॅन्सीच्या रोपांवर कळ्या आहेत. त्या ठेवाव्यात की खुडाव्यात? जाणकारांनी सविस्तर मार्गदर्शन करावे, ही विनंती.

प्रतिसाद १

पेरणीचा निर्णय हवेच्या नव्हे, तर मातीच्या तापमानावर घ्यावा, कारण दुपारची हवा उबदार वाटत असली तरी चार बोटे खोल माती अजून गारच असते. साधा तापमापक सकाळच्या वेळी वाफ्यात खोचून सलग काही दिवस नोंद ठेवल्यास अंदाज पक्का येतो. मटाराचे बी ५ अंश सेल्सिअसला रुजते खरे, पण त्याला महिन्याहून अधिक काळ लागतो आणि ओल जास्त असेल तर तेवढ्यात ते कुजते. १० अंशांना तेच बी साधारण दोन आठवड्यांत वर येते. म्हणून थोडे थांबून पेरलेला मटार पुष्कळदा घाईने पेरलेल्याला गाठतो. पालकही गार मातीत रुजतो. झिनिया आणि टोमॅटो यांना मात्र निदान १५ अंशांची ऊब हवी आणि गोठणारी रात्र त्यांना अजिबात सोसत नाही, तेव्हा त्यांची रोपे घरात, भरपूर उजेडाच्या खिडकीशी तयार करावीत.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे वापसा आल्याशिवाय, म्हणजे मातीतील जादा ओल निघून ती भुसभुशीत झाल्याशिवाय, वाफा खणू नये. मूठभर माती दाबून पाहावी. बोटाने टोचल्यावर गोळा सहज फुटला तर काम सुरू करावे, चिकट राहिला तर थांबावे. ओली माती तुडवली की तिच्यातील हवेच्या पोकळ्या मिटतात, पुढे ती ढेकळांसारखी घट्ट होते आणि कोवळ्या मुळांना वाट मिळत नाही.

प्रतिसाद २

डॅफोडिलविषयी लिहितो. पुढच्या वर्षीचे फूल कंदाच्या आत आदल्या हंगामातच, फुले ओसरल्यानंतरच्या काळात घडते आणि त्यासाठी लागणारे अन्न पाने तयार करतात. त्यामुळे फुले सरताच पाने कापली किंवा नीटनेटकेपणासाठी त्यांच्या गाठी बांधल्या, तर कंद उपाशी राहतो. किमान सहा आठवडे, शक्यतो पाने आपोआप पिवळी पडेपर्यंत, त्यांना हात लावू नये. सुकलेले फूल मात्र बी धरण्याआधी काढावे. दुसरे कारण दाटी हे असू शकते. आपले कंद तीन वर्षांचे आहेत, म्हणजे त्यांना पिल्ले, म्हणजे छोटे कंद, फुटून गर्दी झाली असणे शक्य आहे. पाने वाळल्यावर ते उकरून वेगळे करावेत आणि कंदाच्या उंचीच्या दुप्पट ते तिप्पट खोलीवर पुन्हा लावावेत. पाने जोमदार आणि फुले कमी, हे नत्र (नायट्रोजन) जास्त झाल्याचेही लक्षण असते, म्हणून यंदा नत्रयुक्त खत टाळून पालाश (पोटॅश) अधिक असलेले खत द्यावे.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही मनापासून आभार. पाने फुलांबरोबरच कापली जात होती की नाही, हे घरात विचारून घेते. पॅन्सीचे तेवढे कृपया सांगावे.

प्रतिसाद ३

ताई, पॅन्सी थंडीला काटक आहे. बाहेरच्या थंडीला सरावलेल्या रोपांना रात्री पारा शून्याच्या किंचित खाली गेला तरी सहसा इजा होत नाही. पण आपली रोपे आडोशाला वाढलेली असतील, तर आठवडा-दहा दिवस दिवसा बाहेर आणि रात्री आत, असे करीत बाहेरचा वेळ वाढवत न्यावा. कळ्यांबाबत माझे स्पष्ट मत असे की, लागवडीच्या वेळी रोपावर असलेली फुले आणि मोठ्या कळ्या खुडाव्यात. जीवावर येते, हे मला ठाऊक आहे. तरीही खुडल्याने रोपाची ताकद मुळे धरण्याकडे वळते आणि फुटवे वाढून पुढचा बहर दाट येतो.

प्रतिसाद ४

वरील मताशी मी अंशतः सहमत आहे. रोप कुंडीत गच्च मुळावलेले, लांबट आणि मलूल असेल तर खुडणे योग्यच. परंतु रोप ठेंगणे आणि सशक्त असेल, तर एखाद-दुसरी कळी ठेवल्याने फारसे बिघडत नाही, कारण पॅन्सी पुढे सतत फुलत राहते. सुकलेली फुले देठासह नियमित काढणे मात्र दोन्ही बाबतींत आवश्यक आहे. टोमॅटोची रोपे घरात करणार असाल, तर एक काळजी आणखी घ्यावी. बी दाट पेरू नये, पाणी सकाळी आणि बेताने द्यावे, हवा खेळती ठेवावी. अन्यथा जमिनीलगतचे खोड बुरशीने मऊ पडून रोपे कोलमडतात, आणि एकदा लागण झालेले रोप वाचत नाही.