बालगृहात नवीन पोरगं आलं की पहिल्या दिवशी काय करता?

वर्धारोडची_ताई:
नमस्कार मंडळी. नागपुरातल्याच एका मुलांच्या बालगृहात नुकतीच हाऊस मदर म्हणून लागली मी. आमच्याकडे बारा ते सोळाची पोरं जास्त, बरीचशी स्टेशनवर सापडलेली, छिंदवाडा बालाघाटकडची, मराठी येतच नाही. आता दोघं भाऊ येणार आहेत, सीडब्ल्यूसीची (बालकल्याण समितीची) ऑर्डर निघाली. ऑफिसमधले म्हणतात औक्षण करू, फुगे लावू, ट्रस्टी येतील, फोटो काढून डोनर ग्रुपवर टाकू. मला खटकून राहिलं पण नवीन आहे तर बोलू कशी? तुमच्याकडे काय करतात?

रिटायर्ड_अधीक्षक:
ताई, फोटोचं तर बोलाच. जे.जे. ॲक्ट म्हणजे बाल न्याय कायदा २०१५, कलम ७४. मुलाची ओळख पटेल असं नाव, फोटो, पत्ता काहीच बाहेर द्यायचं नाही, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. व्हॉट्सॲप ग्रुप म्हणजे आपलं घर नाही. कलम दाखवलं की ट्रस्टीपण गप बसतात, तुम्हाला भांडावं लागत नाही.
औक्षणही नको. पोरगं घर सोडून आलंय नाहीतर सोडवून आणलंय, त्याला दहा अनोळखी माणसांसमोर पाटावर बसवून काय मिळते? भावांना एकाच खोलीत ठेवा, हे आधी केस वर्करकडून पक्कं करून घ्या, वयाच्या गटाचं कारण सांगून वेगळं करतात कधीकधी. आणि पिशवी! त्याच्यासमोर उघडायची, यादी करायची, त्याची सही घ्यायची, मळका शर्ट असला तरी विचारल्याशिवाय फेकायचा नाही.

माजी_बालगृहवाला:
मी लहानपणी अशाच ठिकाणी राहिलो, म्हणून सांगतो. पहिल्या दिवशी गेटवर वॉचमननं विचारलं आईबाप कुठं, मग स्वयंपाकवाल्या मावशीनं, मग मोठ्या पोट्ट्यांनी, रात्रीपर्यंत तेच तेच सांगून सांगून मी शेवटी काहीतरी बनवूनच सांगायला लागलो. मग फाईलमध्ये एक आणि माझ्या तोंडी भलतंच, आणि सगळे म्हणतात पोट्टा खोटारडा आहे. तर स्टाफला आधीच सांगून ठेवा, घरचं फक्त केस वर्कर किंवा समुपदेशक विचारतील, बाकीच्यांनी जेवला का एवढंच.
आणि संडास कुठं, रात्री लाईट कुठला चालू राहतो, हे अंधार पडायच्या आत दाखवा. गादीवर प्लास्टिक सगळ्यांच्याच घाला, एकट्या नव्याच्याच घातलं तर सकाळपर्यंत चिडवायचं नाव पडलेलं असते. चौदा वर्षांचा पोरगाही अंथरूण ओलं करू शकतो, त्यात काही नाही.

इतवारीकर:
सगळं खरं बाप्पा, पण एक बाई आणि वीसपंचवीस पोरं, त्यात संध्याकाळी सातला पोलीस दोघांना घेऊन आले की कोण एवढं करते? माझं म्हणणं, एक मोठा पोरगा सोबतीला लावून द्या, तोच सगळं दाखवतो.

रिटायर्ड_अधीक्षक:
भाऊ, मोठा पोरगा निवडताना जपा. जो सगळ्यांवर दादागिरी करते तोच पुढं होऊन म्हणते मी दाखवतो. त्यापेक्षा अलीकडेच आलेला, त्याच भाषेतला लावा, आणि रात्रीची जबाबदारी मोठ्या माणसाचीच. वैद्यकीय तपासणी तर करावीच लागते, पण अंगावर जखम किंवा ताप नसेल तर मेयो हॉस्पिटलची लाईन सकाळी. उवा असल्या तरी केस लगेच भादरू नका, औषध आहे.

वर्धारोडची_ताई:
खूप आभार. फोटोचं आजच बोलते. ते दोघं आईला फोन लावून मागतील बहुतेक, द्यायचा का?

माजी_बालगृहवाला:
केस वर्करला विचारल्याशिवाय नाही. घरीच मारहाण झाली असेल तर तोच नंबर धोक्याचा. पण नाही म्हणून सोडूनही देऊ नका. कधी विचारून सांगणार ते सांगा, आणि त्या दिवशी स्वतःहून जाऊन सांगा, उत्तर नाही असलं तरी. पोरं तेवढं लक्षात ठेवतात.

इतवारीकर:
जेवायला काय करणार ताई?

वर्धारोडची_ताई:
वरणभात आणि आलूची भाजी. तिखट कमी, मावशीला सांगितलं, सावजी हात आवर म्हटलं आजच्या दिवस 😄