दात लवकर सरकवायला छिद्रं, व्हायब्रेशन की लेझर? कुणी केलंय का?

खानापूरची_आई
नमस्कार सगळ्यांना. माझी मुलगी १७ वर्षांची, सेकंड पीयूला आहे. वरचे दात लई पुढं होते म्हणून ब्रेसेस लावल्या, सुळ्यांच्या मागची एकेक दाढ काढून आता तीन महिने झाले. डॉक्टर म्हणतात अजून सव्वा-दीड वर्ष लागेल, आणि हिला बारावीनंतर इंजिनिअरिंगला बंगळूरला जायचंय. दर महिन्याला बस धरून बेळगावला जायचं म्हणजे तिचं एक दिवसाचं कॉलेज बुडतंय, घरी आली की तार ओढलेली असते म्हणून दोन दिवस नुसता मऊ भात. आता क्लिनिकमध्ये म्हणायलेत की हिरडीतून हाडाला बारीक छिद्रं पाडली तर दात दुप्पट वेगानं सरकतात, १५ हजार जादा. पुण्याची मावशी म्हणते व्हायब्रेशनचं मशीन घे. तिसरं कुणीतरी लेझर सांगितलं. पैसे कसेतरी उभे करू, पण पोरीच्या तोंडाशी खेळ नको. खरं काय ते सांगा.

निपाणीकर_दादा
ताई, व्हायब्रेशनचं आम्ही केलंय माझ्या धाकट्या भावाला. रोज रात्री २० मिनिटं ते तोंडात चावून धरायचं, पोरगं शिस्तीचं, एक दिवस चुकवलं नाही. तरी ब्रेसेस निघायला डॉक्टरांनी पहिल्या दिवशी सांगितलेलाच वेळ लागला, एक महिना सुद्धा कमी नाही. पैसे गेल्याचं फार वाईट वाटलं. मी तर नको म्हणेन.

ऑर्थोचा_पीजी
ताई, मी ह्याच विषयात शिकायलोय म्हणून जरा सविस्तर लिहितो. दात हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. तारेचा दाब पडला की एका बाजूचं हाड शरीर स्वतः खातं आणि मागच्या बाजूला नवीन भरतं, म्हणून दात सरकतो, साधारण महिन्याला १ मिलिमीटर. काढलेल्या दाढेची जागा ७ मिलिमीटरच्या आसपास धरा, म्हणजे नुसता सुळा मागं न्यायलाच सहा-सात महिने, मग पुढचे चार दात. जोर वाढवून हे होत नाही, उलट जास्त जोरानं मूळ झिजतं.

छिद्रांमागचा विचार असा की हाडाला जखम झाली की ते भरून काढायला त्या भागात हाडाची उलाढाल वाढते आणि तेवढे दिवस दात भरभर सरकतो. विचार चुकीचा नाही. पण दुप्पट दुप्पट जे म्हणतात ते २०१३ च्या एका अभ्यासावरून, त्यात माणसं २० आणि मोजणी फक्त २८ दिवसांची. नंतरच्या बऱ्याच चाचण्यांत फरक किरकोळ किंवा शून्य निघाला. शिवाय तो परिणाम थोडे दिवसच टिकतो, म्हणजे परत परत छिद्रं, परत परत पैसे. व्हायब्रेशनचं दादांनी सांगितलंच, चाचण्यांतही तेच आलंय. लेझरनं थोडा फायदा दिसतो काही ठिकाणी, पण किती वेळ, किती ताकदीचं हे प्रत्येक अभ्यासात वेगळं, त्यामुळं त्याच्या भरवशावर तारीख ठरवू नका. हाडाला चिरा पाडायची कॉर्टिकोटॉमी मात्र खरंच वेग वाढवते, पण ती शस्त्रक्रिया आहे, १७ वर्षांच्या मुलीला एवढ्यासाठी मी तरी सुचवणार नाही.

वडगावची_वहिनी
कॉर्टिकोटॉमी माझी झालीय, ३४ व्या वर्षी. चार दिवस गाल टम्म सुजलेला, आठवडाभर पेज आणि ताक. नंतर दर पंधरा दिवसांनी बोलवायचे, कारण वेग तीन-चार महिनेच असतो म्हणे, त्यात तार ओढून घ्यायची. माझं सांगितल्यापेक्षा लवकर झालं हे खरं. पण माझं हाड पातळ होतं, डॉक्टरांनी हाडाची पावडरही भरली, त्याच्यासाठीच मी तयार झाले. नुसत्या घाईसाठी केली नसती बाई.

ऑर्थोचा_पीजी
वहिनींचं बरोबर आहे, हाड पातळ असेल तर तो वेगळा विषय. ताई, वेळ वाढतो कशानं ते बघा. ब्रॅकेट, म्हणजे तार धरायला दातावर चिकटवलेला बारीक तुकडा, निसटलं आणि पुढच्या तारखेपर्यंत तसंच ठेवलं की त्या दाताचा महिना गेला. गोकाकचा करदंट, चिक्की, ऊस, सुकं खोबरं बंद, कुंदा चालेल पण लगेच ब्रश. रबर लावायला सांगितलं तर सांगितलेले सगळे तास लावायचे, जेवताना काढून विसरायचं नाही. दुखलं तर आयबुप्रोफेनची गोळी रोज रोज नको, ती हाड खाणारी क्रियाच मंद करते, डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल बरी. आणि बंगळूरची भीती नको, केस ट्रान्सफर होते. एक्सरे, फोटो, दातांचे साचे आणि ब्रॅकेट कुठलं, त्यातला स्लॉट, म्हणजे तार बसायची खाच, ०१८ मापाची की ०२२, हे लेखी मागून घ्या. तिथल्या डॉक्टरांना ते कळलं की परत पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही.

खानापूरची_आई
लई उपकार झाले सगळ्यांचे. स्लॉट वगैरे विचारायचं असतं हे माहीतच नव्हतं. पोरीला वाचून दाखवलं तर म्हणते आई, उजवीकडचं मागचं ब्रॅकेट पंधरा दिवसांपूर्वीच हलायला लागलंय, तू पैशाच्या काळजीत होतीस म्हणून बोलले नाही. आतून गालाला घासून पांढरा चट्टा पडलाय, मेण लावून दिवस काढत होती. उद्या सकाळच्या पहिल्या बसनं निघतोय.